आधी कोरे, मग खरे : अभिरूप मतदानातील क्रमाचा इतिहास

पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात, डहाणूहून बोर्डीकडे किनाऱ्याच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर, नरपड आणि घोलवड यांच्या दरम्यान चिखले हे गाव आहे. देशातील इतर गावांप्रमाणेच या गावातही लोकसभेच्या किंवा विधानसभेच्या मतदानाचा दिवस मतदारांसाठी सकाळी सात वाजता सुरू होत असला, तरी मतदान केंद्रासाठी तो साडेपाचलाच सुरू होतो. कारण मधल्या दीड तासात तेथे एक संपूर्ण निवडणूक घेतली जाते, तिची मते मोजली जातात आणि ती पुसून टाकली जाते. या निवडणुकीतील एकही मत कोणत्याही उमेदवाराच्या खात्यावर जमा होत नाही. निवडणूक आयोगाच्या मराठी सूचनांत तिला ‘अभिरूप मतदान’ म्हणतात, तर केंद्रावरील कर्मचारी आणि पक्षांचे प्रतिनिधी तिला ‘मॉक पोल’ या नावानेच ओळखतात. यंत्र बरोबर चालते की नाही हे सर्वांसमक्ष तपासणे हा तिचा हेतू आहे.

कोणत्याही चाचणीचे तीन भाग पडतात. चाचणीसाठी लागणारी स्थिती उभी करणे ही मांडणी, प्रत्यक्ष तपासणी हा मधला भाग, आणि चाचणीने मागे ठेवलेल्या खुणा नाहीशा करून सर्व काही पूर्ववत करणे ही आवराआवर. मधल्या भागाकडे सर्वांचे लक्ष असते, परंतु घोटाळे बहुधा पहिल्या आणि तिसऱ्या भागात होतात, आणि तेही एखादे काम वाईट केल्यामुळे होतात त्यापेक्षा अधिक वेळा ते चुकीच्या क्रमाने केल्यामुळे किंवा राहून गेल्यामुळे होतात. अभिरूप मतदानाचा इतिहास हा मुख्यतः या क्रमाचा इतिहास आहे : तो प्रथम माणसांच्या हाती होता, नंतर त्याचा काही भाग यंत्रात बंदिस्त करण्यात आला, आणि उरलेला भाग आजही केंद्राध्यक्षाच्या स्मरणशक्तीवर व उपस्थितांच्या जागरूकतेवर अवलंबून आहे.

यंत्रे येण्यापूर्वी हा प्रश्न फार सोपा होता. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लागलेल्या पोलादी मतपेट्यांपैकी बारा लाखांहून अधिक पेट्या मुंबईतील विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या, आणि मतपत्रिका नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या गेल्या. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र पेटी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या मतदारालाही आपली पेटी सापडत असे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, वारली पाड्यांनी भरलेल्या डहाणू आणि उंबरगाव या तालुक्यांत या सोयीचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. (१९६० मध्ये उंबरगावचा बराचसा भाग गुजरातेत गेला आणि महाराष्ट्रात राहिलेल्या गावांतून तलासरी हा वेगळा तालुका आकाराला आला.) या पेट्यांची चाचणी म्हणजे एकच कृती होती : मतदान सुरू होण्याच्या लगेच आधी पेटी उघडून ती रिकामी असल्याचे उपस्थितांना दाखवायचे, मग कागदी मोहोर लावून झाकण बंद करायचे. निवडणूक घेण्याबाबतच्या १९६१ च्या नियमांत हीच पद्धत नियम ३३ म्हणून नोंदलेली आहे. रिकामी पेटी डोळ्यांना दिसते, तिच्यात चाचणीसाठी काही टाकावे लागत नाही आणि म्हणून मागाहून काही काढावेही लागत नाही. आवराआवर नावाची पायरीच तेथे नव्हती.

विद्युत यंत्राने ही सरळता संपवली, कारण स्मृतिकोशात साठवलेले मत डोळ्यांना दिसत नाही. यंत्र कोरे आहे हे पटवायचे तर त्याच्याकडून ते वदवून घ्यावे लागते, आणि ते खरे बोलते का हे पटवायचे तर त्यात आधी काही मते टाकून ती बरोबर मोजली जातात असे दाखवावे लागते. म्हणजे कोरेपणा सिद्ध करण्यासाठी तो आधी मोडावा लागतो आणि मग पुन्हा निर्माण करावा लागतो. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कंपनीने १९७९ मध्ये यंत्राचा पहिला नमुना तयार केला, ऑगस्ट १९८० मध्ये आयोगाने तो राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींना दाखवला, आणि पुढे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कंपनीकडेही निर्मितीचे काम आले. यंत्राची बाह्य रचना, म्हणजे मतदाराने कोठे पाहावे, कोठे दाबावे आणि अधिकाऱ्याच्या हाताला कोणते बटन सहज लागावे व कोणते लागू नये, हे ठरवण्याच्या कामात पवईच्या आयआयटीमधील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरचे ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांचा वाटा होता. क्रमाच्या इतिहासात ही रचना गौण मानता येणार नाही, कारण नियमाने सांगितलेला क्रम आणि हाताला सुचणारा क्रम यांतील अंतर कमी करण्याचे काम रचनाच करते.

यंत्रांचा पहिला वापर १९ मे १९८२ रोजी केरळमधील परवूर विधानसभा मतदारसंघातील ५० केंद्रांवर झाला. तेथील निकाल न्यायालयात गेला, आणि ५ मार्च १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्यात तरतूद नसताना यंत्राने घेतलेले मतदान ग्राह्य धरता येणार नाही असा निर्णय देऊन त्या केंद्रांवर मतपत्रिकांनी फेरमतदान घ्यायला लावले. यानंतर डिसेंबर १९८८ मध्ये लोकप्रतिनिधित्व अधिनियमात ६१-अ हे कलम घालण्यात आले, आणि १९९२ मध्ये निवडणुकीच्या नियमांत यंत्रांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. त्यातील नियम ४९-ई हा जुन्या रिकाम्या पेटीच्या नियमाचा थेट वारस आहे : मतदान सुरू होण्याच्या लगेच आधी यंत्रात एकही मत नोंदलेले नाही हे केंद्राध्यक्षाने उपस्थितांना दाखवून द्यावे, असे तो सांगतो. नोव्हेंबर १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्ली येथील मिळून १६ विधानसभा मतदारसंघांत यंत्रे वापरली गेली, आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशातील सर्व ५४३ मतदारसंघांत, अर्थातच तेव्हाच्या डहाणू लोकसभा मतदारसंघातही, ती आली. डहाणू या नावाचा लोकसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेपर्यंत टिकला; त्यानंतर त्या भागासाठी पालघर मतदारसंघ निर्माण झाला.

क्रम यंत्रात कसा बसवला गेला हे समजण्यासाठी यंत्राचे भाग पाहावे लागतात. मतदारासमोर असते ते बॅलट युनिट, म्हणजे उमेदवारांची नावे, चिन्हे आणि त्यांच्यासमोरची निळी बटने असलेला भाग. केंद्राध्यक्षाच्या किंवा मतदान अधिकाऱ्याच्या टेबलावर असते ते कंट्रोल युनिट, ज्यात मते साठतात. कंट्रोल युनिटवरील ‘बॅलट’ हे बटन दाबले की एका मतदाराला एकच मत देण्याची मुभा मिळते, आणि ‘टोटल’ दाबले की आतापर्यंत नोंदलेल्या मतांची संख्या पडद्यावर येते. याखेरीज तीन बटने आहेत, ज्यांच्यावर या लेखाचा सारा भार आहे. ‘क्लोज’ मतदान बंद करते, आणि ते एकदा दाबले की यंत्र आणखी एकही मत स्वीकारत नाही. ‘रिझल्ट’ उमेदवारनिहाय मते दाखवते. ‘क्लिअर’ सर्व मते पुसून प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे शून्य आणते. ही बटने कोणत्याही क्रमाने दाबून चालत नाहीत : मतदान बंद केल्याशिवाय निकाल दिसत नाही, आणि निकाल पाहिल्याशिवाय पुसता येत नाही. क्रम मोडून बटन दाबल्यास यंत्र ‘इनव्हॅलिड’ असे दाखवून ती आज्ञा नाकारते. केंद्राध्यक्षांच्या हस्तपुस्तिकेत यासाठी स्पष्ट सूचना असे : ‘क्लिअर’ दाबल्यावर अपेक्षित माहिती पडद्यावर आली नाही, तर आधीच्या पायऱ्यांपैकी काहीतरी राहिले आहे असे समजावे, दोन्ही युनिटे नीट जोडली आहेत हे पाहावे, आधी ‘क्लोज’, मग ‘रिझल्ट’ दाबावे आणि त्यानंतरच पुन्हा ‘क्लिअर’ दाबावे. निवडणूक प्रशिक्षणात या तीन पायऱ्यांची आद्याक्षरे जोडून ‘सीआरसी’ असा शब्द रूढ झाला आहे, आणि तालुक्याच्या गावी भरणाऱ्या प्रशिक्षण वर्गांत शिक्षक, ग्रामसेवक आणि तलाठी यांच्याकडून तो इतक्या वेळा घोकून घेतला जातो की तो मराठी शब्दच झाला आहे.

या क्रमामागचा विचार लक्षात घेण्यासारखा आहे. निकाल पाहण्यापूर्वी पुसण्याची मुभा असती, तर चाचणीत मते टाकून ती न मोजताच पुसता आली असती आणि चाचणीचा अर्थच नाहीसा झाला असता. मतदान चालू असताना निकाल पाहण्याची मुभा असती, तर दुपारी दोन वाजता कोण पुढे आहे हे कळू शकले असते. म्हणजे एकाच कुलपाने चाचणीची प्रामाणिकता आणि खऱ्या मतदानाची गुप्तता अशा दोन गोष्टी राखल्या आहेत. याहून विशेष गोष्ट अशी की, चाचणीसाठी आणि खऱ्या मतदानासाठी वेगळी बटने नाहीत. पहाटे ही तीन बटने काही मिनिटांच्या अंतराने दाबली जातात. पण सायंकाळी मतदान संपल्यावर ‘क्लोज’, अनेक दिवसांनी मतमोजणीच्या टेबलावर ‘रिझल्ट’, आणि निवडणूक याचिका दाखल करण्याची ४५ दिवसांची मुदत उलटून गेल्यावर, पुढील निवडणुकीच्या तयारीत, ‘क्लिअर’, असा तोच क्रम पुन्हा एकदा, पण महिन्यांच्या गतीने, पूर्ण होतो. अभिरूप मतदान ही त्या अर्थाने खऱ्या निवडणुकीची नक्कल नसून तिच्या संपूर्ण आयुष्याची एका तासात केलेली उजळणी आहे.

आरंभीच्या वर्षांत अभिरूप मतदान आटोपशीर असे. उपस्थित प्रतिनिधींनी प्रत्येक उमेदवाराला थोडी थोडी मते टाकायची आणि बेरीज पाहायची, एवढेच. पुढे ते नियमबद्ध झाले. आता प्रत्यक्ष मतदानाच्या ९० मिनिटे आधी ते सुरू करावे लागते, त्यात किमान ५० मते टाकावी लागतात, आणि ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायासह प्रत्येक बटनावर किमान एक मत पडावे लागते. (हा पर्याय सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निर्णयानंतर यंत्रावर आला.) किमान दोन उमेदवारांचे प्रतिनिधी हजर असावेत अशी अपेक्षा आहे, ते नसले तर केंद्राध्यक्ष १५ मिनिटे थांबतो आणि मग त्यांच्याविना चाचणी करतो. चाचणी पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र भरले जाते व त्यावर प्रतिनिधींच्या सह्या होतात. हे केंद्रावरचे अभिरूप मतदान मालिकेतील शेवटचे असते, कारण त्याआधी जिल्ह्याच्या पातळीवर प्रथमस्तरीय तपासणीच्या वेळी आणि पुन्हा उमेदवारांची नावे यंत्रात बसवताना अशाच चाचण्या झालेल्या असतात. दुसऱ्या टप्प्यात पाच टक्के यंत्रांवर प्रत्येकी हजार मते टाकून पाहिली जातात. प्रत्येक चाचणीनंतर यंत्र कोरे करावे लागते, आणि पुढच्या चाचणीची मांडणी मागच्या चाचणीच्या आवराआवरीवर उभी असते.

२०१३ मध्ये या व्यवस्थेत एक नवीन भाग शिरला आणि जुना प्रश्न नव्या रूपात परतला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये नियमांत दुरुस्ती होऊन, सप्टेंबरमध्ये नागालँडमधील नोकसेन येथील पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट, म्हणजे मतदाराला त्याने दिलेल्या मताची छापील चिठ्ठी काचेआडून सात सेकंद दाखवून ती बंद कप्प्यात टाकणारे यंत्र, प्रथम वापरले गेले. आता अभिरूप मतदानाच्या खुणा दोन ठिकाणी उरू लागल्या : कंट्रोल युनिटच्या स्मृतीत आणि व्हीव्हीपॅटच्या कप्प्यात. स्मृतीतील खुणा ‘क्लिअर’ने जातात, पण कागद बटनाने नाहीसा होत नाही. म्हणून चिठ्ठ्या हाताने बाहेर काढायच्या, त्यांची संख्या निकालाशी पडताळायची, प्रत्येकीच्या मागे अभिरूप मतदानाचा शिक्का मारायचा, त्या काळ्या जाड कागदाच्या लिफाफ्यात घालून लिफाफा मोहोरबंद करायचा, तो प्लास्टिकच्या डबीत ठेवायचा आणि डबीला गुलाबी कागदी मोहोर लावायची, अशी लांबलचक आवराआवर ठरवण्यात आली. ८ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्याशी जुळवाव्यात असा आदेश दिल्यापासून या आवराआवरीचे महत्त्व वाढले, कारण कप्प्यात राहिलेली एखादी चाचणीची चिठ्ठीही मोजणीच्या दिवशी विसंगती म्हणून समोर येऊ शकते.

व्हीव्हीपॅटची परीक्षा पालघरने लवकरच पाहिली. २८ मे २०१८ रोजी पालघर आणि भंडारा-गोंदिया या दोन लोकसभा मतदारसंघांत पोटनिवडणुका झाल्या, आणि दोन्हीकडे व्हीव्हीपॅट बंद पडल्याच्या तक्रारी आल्या. भंडारा-गोंदियात तर ४९ केंद्रांवर ३० मे रोजी फेरमतदान घ्यावे लागले. डहाणू-तलासरीसारख्या भागात, जेथे केंद्रे पाड्यापाड्यांत विखुरलेली आहेत, यंत्र बदलण्याचा निर्णय जितका उशिरा होईल तितके मतदार परत जातात, म्हणून कोणता भाग बदलल्यावर चाचणी पुन्हा करायची आणि कोणता बदलल्यावर नाही हा कागदी वाटणारा प्रश्न तेथे मतदानाच्या टक्केवारीचा प्रश्न बनतो. नियम याचे उत्तर नेमके देतो. प्रत्यक्ष मतदान चालू असताना केवळ व्हीव्हीपॅट बिघडले, तर तेवढेच बदलायचे आणि अभिरूप मतदान पुन्हा घ्यायचे नाही; परंतु कंट्रोल युनिट किंवा बॅलट युनिट बिघडले, तर व्हीव्हीपॅटसह संपूर्ण संच बदलायचा आणि नव्या संचावर प्रत्येक उमेदवाराला एक मत टाकून छोटे अभिरूप मतदान पुन्हा घ्यायचे. मते ज्या भागात साठतात किंवा ज्या भागातून येतात तो बदलला तरच मांडणी नव्याने, हा त्यामागचा विचार सयुक्तिक आहे.

संगणकाच्या क्षेत्रात याच प्रश्नाने स्वतंत्रपणे वाढ घेतली, आणि त्या वाढीचा आलेख येथे उपयोगी पडतो. केंट बेक या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने स्मॉलटॉक या भाषेसाठी १९९४ मध्ये चाचण्यांची जी छोटी चौकट प्रसिद्ध केली, तिच्या पद्धतीत प्रत्येक चाचणीआधी मांडणी आणि प्रत्येक चाचणीनंतर आवराआवर चौकट स्वतःच करून घेई. १९९७ मध्ये बेक आणि एरिख गामा यांनी जावा भाषेसाठी जेयुनिट ही चौकट लिहिली, आणि तिच्यामुळे ‘सेटअप’ आणि ‘टिअरडाउन’ हे शब्द जगभरच्या प्रोग्रामरांच्या, त्यांत पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतील मराठी प्रोग्रामरांच्या, रोजच्या बोलण्यात आले. चौकटीचा मोठा गुण असा की, मधली चाचणी फसली तरी आवराआवर होतेच. ती चाचणी लिहिणाऱ्याच्या आठवणीवर सोडलेली नाही. मात्र जुन्या जेयुनिटमध्ये मांडणीच अर्ध्यावर फसली तर आवराआवर होत नसे, आणि अर्धवट उभे केलेले सामान तसेच राही. पायथॉन भाषेच्या चौकटीत २००९-१० च्या सुमारास यावर उपाय आला : मांडणीचे एकेक पाऊल टाकतानाच ते मागे घेण्याचे काम नोंदवून ठेवायचे, म्हणजे पुढचे पाऊल फसले तरी तोवरची सर्व कामे उलट्या क्रमाने मागे घेतली जातात. अंथरुणांच्या ढिगात सर्वांत शेवटी ठेवलेले अंथरूण सर्वांत आधी काढावे लागते, तसाच हा उलटा क्रम आहे, आणि तो पाळला नाही तर खालचे ओढताना वरचे कोसळते.

चाचण्यांच्या आपसांतील क्रमाचा धडा मात्र चौकटींना अपघाताने मिळाला. जावाची सातवी आवृत्ती २०११ मध्ये आली तेव्हा चाचण्या लिहिलेल्या क्रमाने चालण्याची तोवरची सवय मोडली, कारण तो क्रम भाषेने कधीच वचन म्हणून दिलेला नव्हता. आणि वर्षानुवर्षे उत्तीर्ण होणाऱ्या कित्येक चाचण्या अचानक फसू लागल्या. त्या फसल्या त्या मागच्या चाचणीने न आवरलेल्या पसाऱ्यावर नकळत उभ्या होत्या म्हणून. २०१२ मध्ये जेयुनिटच्या ४.११ या आवृत्तीत क्रम निश्चित करण्याची सोय द्यावी लागली. क्रम ठरवून देणे हा आवराआवरीला पर्याय नाही, ही गोष्ट तेव्हा पुन्हा स्पष्ट झाली.

या तुलनेतून मतदान यंत्रातील उणीव नेमकी दिसते. यंत्र क्रम राखते, पण क्रम सुरू झाला आहे की नाही हे ते राखत नाही. एकदा ‘क्लोज’ दाबले की केंद्राध्यक्षाची सुटका नाही, कारण बंद झालेले यंत्र मत घेणार नाही आणि ते पुन्हा चालू करण्यासाठी ‘रिझल्ट’ व ‘क्लिअर’ या पायऱ्या पार कराव्याच लागतील. पण ‘क्लोज’च दाबायचे राहिले, तर अभिरूप मतदानाची मते आत असताना सात वाजता पहिला खरा मतदार येतो आणि यंत्र त्याचे मत निमूटपणे त्यांच्यावर रचते. यंत्राच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत केरळमधील एर्नाकुलम मतदारसंघात कळमश्शेरी येथील एका केंद्रावर मतदान केलेल्यांच्या संख्येपेक्षा यंत्रात ४३ मते अधिक निघाली आणि ३० एप्रिल रोजी तेथे फेरमतदान झाले. त्याच निवडणुकीत आंध्र प्रदेशातील मैदुकूर विधानसभा क्षेत्रातील एका केंद्रावर चिठ्ठ्या आणि यंत्राचा आकडा यांत जी तफावत आढळली, तिचे कारणही पुसायची राहिलेली अभिरूप मते हेच होते. अशा यंत्रांसाठी आयोगाने मतमोजणीचा वेगळा मार्ग ठरवला आहे : ती बाजूला ठेवायची, आणि विजयी मतांचे अंतर त्यांतील मतांहून कमी असेल तर व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजायच्या. चिठ्ठ्यांवर अभिरूप मतदानाचा शिक्का मारून त्या वेगळ्या काढल्या असतील तरच हा मार्ग चालतो. म्हणजे एक आवराआवर राहिली तर दुसरी तिला सावरते, आणि दोन्ही राहिल्या तर सावरायला काही उरत नाही.

आवरणे राहून गेल्याने जसा घोटाळा होतो, तसा वेळेआधी आवरल्यानेही होतो. २६ एप्रिल २०२४ रोजी न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने, पराभूत उमेदवारांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांनी मागणी केल्यास प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांची, त्यांच्या चिपमधील कायमस्वरूपी कोरलेल्या स्मृतीची, तपासणी करून द्यावी असा आदेश दिला. या तपासणीसाठी आयोगाने जी कार्यपद्धती ठरवली, तिच्यात पुन्हा अभिरूप मतदानच होते, आणि ते घ्यायचे तर यंत्रातील मूळ मते आधी पुसणे क्रमप्राप्त होते. हे प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले, आणि ११ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यायालयाने तपासणीच्या वेळी यंत्रातील माहिती पुसू नये व नव्याने भरू नये असे आयोगाला बजावले. १९८० च्या दशकात चाचणीसाठी बसवलेले कुलूप चाळीस वर्षांनी पुराव्याच्या आड आले. त्या कुलपाची रचना चुकली होती असे म्हणता येणार नाही, कारण निकाल पाहिल्यावरच पुसता यावे एवढेच ते राखत होते, आणि निकाल जाहीर झाल्यानंतरही मूळ मते कोणाला हवी असतील हा विचार त्या काळात कोणाच्या समोर नव्हता.

अभिरूप मतदानानंतरची शेवटची पायरी मोहोरांची असते. ‘क्लिअर’ दाबून शून्य दाखवल्यानंतर कंट्रोल युनिटच्या निकाल विभागाचे आतले दार बंद करताना त्यात हिरवी कागदी मोहोर घातली जाते, तिच्यावर केंद्राध्यक्ष आणि प्रतिनिधी सह्या करतात, तिचा क्रमांक टिपून घेतला जातो, मग विशेष खूणचिठ्ठी, मग बाहेरचे दार, मग कागदी पट्टीची मोहोर. हे सर्व झाल्यावर ‘रिझल्ट’ आणि ‘क्लिअर’ ही बटने मतमोजणीपर्यंत कोणाच्याही हाताला लागत नाहीत, आणि म्हणूनच मोहोरा लागण्यापूर्वीची दोन-तीन मिनिटे या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत नाजूक आहेत. यंत्र त्या मिनिटांत काही विचारत नाही. उपस्थित माणसाने ‘टोटल’ दाबायला सांगून पडद्यावर शून्य पाहणे आणि व्हीव्हीपॅटचा कप्पा रिकामा पाहणे, एवढाच तेथे उपाय आहे. १९५१ मध्ये पेटीत डोकावून पाहणाऱ्या माणसाचे काम आजही तेच आहे. चिखल्यात, डहाणूत, तलासरीच्या पाड्यांवर कोणत्याही पक्षाचे प्रतिनिधित्व करणाऱ्यांनी मतदानाच्या दिवशी सात वाजता नव्हे, साडेपाच वाजता केंद्रावर हजर राहावे, कारण पंधरा मिनिटे वाट पाहून झाल्यावर अभिरूप मतदान त्यांच्याशिवाय सुरू होते.